लहान मुलांना बाल्कनीत भाजी लावायला कशी शिकवता? (ठाणे-नवी मुंबईकरांनो, इकडे या)

घोडबंदरची_आई:
नमस्कार मंडळी. गणपती झाले, पाऊसही आता ओसरायला लागलाय, म्हणून हा धागा काढतेय. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, अकरावा मजला, बाल्कनी पूर्वेला, सकाळचं चारेक तास ऊन मिळतं. मुलगा दुसरीत आहे आणि धाकटी ज्युनियर केजीत. शाळेतून रोप आणा असं आलं की सगळे आईबाबा आदल्या रात्री नर्सरीतून तयार रोप उचलतात, दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो येतो आणि मग त्या रोपाचं काय होतं ते कोणालाच माहीत नसतं. मला तसं नकोय. बी हातात घेण्यापासून ती भाजी ताटात येईपर्यंत सगळं त्यांनी बघावं, जमेल तेवढं स्वतःच करावं असं मनापासून वाटतं. परवा भेंडी चिरत होते तर धाकटी विचारते, आई भेंडी झाडाला वर बघते की खाली? मी म्हटलं चल आपण लावूनच बघू. तर आता सांगा, सुरुवात कशाने करू, माती कुठली, आणि मुख्य म्हणजे मुलांना किती करू द्यायचं आणि आपण किती करायचं?

हिरवी_बाल्कनी (वाशी):
मस्त धागा. आणि तिला उत्तर सांगू नका हं, अजिबात नको, भेंडी लावाच. चार तासांच्या उन्हात शेंगा कमी लागतील, भेंडीला खरं तर पाच-सहा तास हवं, पण तिला उत्तर मिळायला एक शेंग पुरे.

सुरुवात मात्र मेथीने करा. घरातलेच मेथीदाणे रात्री भिजवायचे, स्ट्रॉबेरी येते ना तो प्लास्टिकचा डबा घ्यायचा, त्याला खाली भोकं असतातच, त्यात चारेक बोटं माती, वर दाणे पसरायचे, दाणे जेमतेम झाकतील एवढीच माती वरून भुरभुरवायची आणि स्प्रेने पाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतात. प्रत्येक कोंबाच्या डोक्यावर बियाचं साल अडकलेलं असतं आणि मुलांचे हात ते काढायला शिवशिवतात, ते काढू देऊ नका, ओढलं की पानच तुटतं, एक-दोन दिवसांत आपोआप गळतं. बारा-पंधरा दिवसांत शाळेच्या कात्रीने कापून वरणात टाकता येते, थांबलात तर महिनाभरात नेहमीसारखी जुडी. लहान मुलाला एवढी वाट बघणं झेपतं, पहिल्याच वेळेला टोमॅटो लावलात तर तीन-चार महिने जातात आणि तोवर उत्साह संपलेला असतो.

माती म्हणाल तर लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत साधारण सारखं सारखं. कोकोपीटची वीट मुलांनाच भिजवू द्या. ती छोटी साडेसहाशे ग्रॅमची वीट मिळते, बादलीत ठेवून पाणी घातलं की फुगून फुगून निम्मी बादली भरते, आमच्याकडे तर त्याच दिवशी अर्धा तास गेला होता फक्त ते बघण्यात.

कोथिंबीरवडी:
मेथीला अनुमोदन. पण मला एक वेगळं म्हणायचंय. सगळं झटपट येणारंच लावलं तर मुलांना झाड कळत नाही, फक्त रिझल्ट कळतो. एक लवकर येणारं आणि एक रेंगाळणारं अशी जोडी लावावी. मेथीच्या शेजारी धणे लावा. धणा आख्खा न लावता लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करायच्या, कारण एका धण्यात दोन बिया असतात, हे मुलांना फार आवडतं. तो आठ-दहा दिवस काही म्हणजे काही दाखवत नाही. मग रोज प्रश्न येतात, मेलं का, पाणी कमी पडलं का, उकरून बघू का.

आणि उकरू द्यावं असं माझं मत आहे. एका बाजूला लावलेलं त्यांचं एक बी उकरायचं, बाकीच्या बिया शहाण्यासारख्या राहू द्यायच्या.

बालवाडीताई (नेरूळ):
उकरायच्या ऐवजी काचेची बरणी करा ना. आम्ही वर्गात दरवर्षी करतो. रुंद तोंडाच्या बरणीत टिश्यू पेपर गुंडाळून आतून काचेला चिकटवायचा, ओला करायचा आणि काच आणि कागदाच्या मध्ये भिजवलेली चवळी सरकवायची. आधी मूळ फुटतं, खाली जातं, मग कोंब वाकून वर येतो. दोन-तीन दिवसांनी बरणी आडवी करून ठेवली की मूळ पुन्हा वळून खालीच जातं. पाच वर्षांची मुलं ते तासनतास बघतात, मला काही समजावून सांगावं लागत नाही. राजमा नका घेऊ, कच्चा तोंडात गेला तर पोटाला त्रास होतो. आणि चारच्या खालच्या मुलांच्या हातात दाणे देऊन आपण फोन घ्यायला आत जायचं नाही, नाकात-कानात घालतात, हे मी वर्गात पाहिलंय.

घोडबंदरची_आई ताई, किती करू द्यायचं विचारलंत म्हणून लिहिते. एका मुलाची एक कुंडी, त्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही, आईने पण नाही. धाकटी कुठे बी टाकेल, एकाच जागी मूठभर टाकेल, टाकू दे. तुमची स्वतःची एक कुंडी शेजारी ठेवा आणि त्यात नीट अंतरावर लावा. ती बघून शिकते, रागावलेलं बोलणं ऐकून नाही. पाण्याला छोटा मग द्या, मोठी झारी दिली की माती वाहून जाते. आणि पाणी घालायच्या आधी बोट घालून बघायचं, बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत ओल लागली तर आज पाणी नाही. हा नियम मुलं आपल्यापेक्षा काटेकोर पाळतात. दुसरीतल्याला पट्टी द्या, दर रविवारी उंची मोजून भिंतीवर लिहू दे. पण रोज रोज "सांग बरं हे काय, ते काय" असं परीक्षेसारखं विचारू नका, मुलं त्या कुंडीकडे जायचीच बंद होतात.

दापोलीचा_पदवीधर (ऐरोली):
शेती शिकलोय म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो, ती कोणी लिहिलेली दिसली नाही. दुकानात पाकिटात मिळणारं बियाणं बऱ्याचदा गुलाबी, निळं, हिरवं दिसतं. तो रंग शोभेसाठी नसतो, त्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते ओळखू यावं म्हणून रंग देतात. ते लहान मुलांच्या हातात देऊ नका, खायच्या डब्यात ठेवू नका. म्हणूनच छोट्यांसाठी स्वयंपाकघरातलं धान्य बरं, मेथी, धणे, मोहरी, आख्खे मूग, चवळी, वाल. पाकिटातलं घ्यायचंच असेल तर प्रक्रिया न केलेलं आहे का ते पाकिटावर वाचून घ्या, नाहीतर त्या बिया तुम्ही लावा.

आता हंगाम. आपल्याकडे कोकणपट्टीत लहान मुलांबरोबर सुरुवात करायला ऑक्टोबरसारखा महिना नाही. जुलैत रोपं उगवतात आणि मानेपाशी कुजून आडवी पडतात, सतत ओल आणि ऊन नाही. एप्रिल-मेमध्ये पालेभाजी लगेच फुलावर येते, कोथिंबीर तर खासच. ऑक्टोबरात मेथी, पालक, लाल माठ, मुळा, टोमॅटोची रोपं, सगळं चालतं. मुळ्यात पुसा चेतकी घ्या, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो, कुंडी मात्र फूटभर खोल हवी. तो लाल गोल मुळा तर पंचवीस-तीस दिवसांत येतो, उथळ कुंडीतही येतो. मुळा उपटण्याची मजा कुठल्याच भाजीला नाही, खाली काय निघणार ते कोणालाच माहीत नसतं.

भेंडी लावाल तर परभणी क्रांती वाण बघा. भेंडीची पानं पिवळी जाळीदार होतात तो हळद्या रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरतो, त्याला तोंड देणारा वाण म्हणून हा काढलेला आहे. आणि फूल उमललं की मुलांना तारीख लिहायला लावा. पिवळं फूल, मध्यभागी गडद मरून, सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं, तिथून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला होते. दोन दिवस उशीर झाला की दोऱ्यासारखी चिवट.

करावेकर_काका:
सर्वांना नमस्कार. आम्ही करावे गावचे, सिडको १९७० साली आली, त्याच्या आधी आमची भातशेती होती. नातवंडं आता सीवूड्सच्या टॉवरमध्ये राहतात पण शनिवारी-रविवारी येतात. तुमच्या चर्चेत वाल कसा आला नाही? आमच्याकडे भात कापलं की त्याच जमिनीत, जी काही ओल उरलेली असायची तिच्यावर वाल टाकायचे, वरून पाणी नाही, खत नाही, नांगराच्या मागे मागे आम्ही पोरं दाणे टाकत चालायचो. शिकवलं कोणी नाही. मोठ्यांच्या मागे चालताना येत गेलं.

कडवे वाल घरात असतातच, बिरड्यासाठी भिजत घालता त्यातलेच चार मोड आलेले दाणे मुलांना द्या. मोठी कुंडी, दोन बोटं खोल, आणि चढायला दोरी बांधा. दिवस लहान व्हायला लागले की वाल फुलावर येतो, आत्ता लावलात तर थंडीत शेंगा. नातवाला मी एवढंच सांगितलं की हे दाणे तू लावलेस तर पोपटीला, म्हणजे मडक्यात शेंगा भाजतो तेव्हा, तुझ्या शेंगा पहिल्या घालायच्या. तेव्हापासून तो फोन करून विचारतो आबा माझ्या वेलाला फुलं आली का.

घोडबंदरची_आई:
काका, किती छान लिहिलंत! वाल नक्की. ताई, एक मूल एक कुंडी हे आजपासूनच. आता माझ्या खऱ्या अडचणी. एक कबुतरं. काही लावलं की दुसऱ्या दिवशी माती उकरून टाकतात. दोन, सोसायटीत खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार आहे की कुंड्यांचं पाणी गळतं. आणि तीन, डास.

हिरवी_बाल्कनी (वाशी):
कबुतरांना जाळी हाच उपाय, बाकी सीडी लटकवणं वगैरे चार दिवस चालतं. बाल्कनीला जाळी नसेल तर कुंडीवरच वाकवलेली तार आणि वर जुनी मच्छरदाणी, रोपं चार-पाच इंच झाली की काढायची. आणि कबुतरांची विष्ठा मुलांना साफ करू देऊ नका, आपण मास्क लावून आधी ओली करून पुसायची, सुकी झाडली की ती धूळ छातीत जाते.

पाण्याला खाली ट्रे. पण ट्रेमध्ये साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाची सोय, त्याला स्वच्छ साचलेलंच पाणी लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तेव्हा ट्रे दर दोन-तीन दिवसांनी ओतून कोरडे पुसायचे. हे काम मुलाला द्या, दुसरीतला करू शकतो, आणि अळी दिसली तर त्याला दाखवाच, पुस्तकातल्या चित्रापेक्षा लक्षात राहतं.

अजून एक, हे सगळ्यांत महत्त्वाचं. कुंड्या रेलिंगला लागून ठेवू नका. लहान मूल कुंडीवर पाय ठेवून चढतं. भिंतीकडच्या बाजूला ठेवा, नाहीतर रेलिंगपासून मुलाचा पाय पोचणार नाही एवढ्या लांब. बाहेरच्या ग्रिलवर पण नको, ओली माती भरलेली मोठी कुंडी १५-२० किलोची होते आणि खाली माणसं चालतात.

टॉवर_चौदा (खारघर):
मी बाबा आहे, आमच्याकडे बाग हे खातं माझं. :) वेलभाज्यांबद्दल लिहितो. आमच्या मजल्यावर मधमाश्या फार येत नाहीत, त्यामुळे दोडक्याला फुलं भरपूर पण दोडका एकही नाही असं व्हायचं. मग मुलीला आणि मला नवा उद्योग मिळाला. दोडक्याची नर फुलं झुपक्यात येतात आणि मादी फूल एकटं असतं, त्याच्या मागे करंगळीएवढा दोडका आधीपासूनच असतो, शिरांसकट. हे एकदा दाखवलं की मुलं पुन्हा विचारत नाहीत, स्वतःच शोधतात. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे शाळा-ऑफिस सगळं झाल्यावर सहा-सातच्या सुमाराला जमतं. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. काकडी, कारली, लाल भोपळा सकाळी उमलतात, ते शाळेच्या घाईत राहून जातं, म्हणून मुलांसाठी दोडका. लागला तर दोन दिवसांत मागचा दोडका फुगायला लागतो, नाही लागला तर पिवळा पडून गळतो. मुलगी प्रत्येक फुलाला लोकरीचा धागा बांधते म्हणजे तिने कोणतं केलं ते कळतं.

दापोलीचा_पदवीधर (ऐरोली):
वा, धाग्याची युक्ती भारी. दोडक्यात आमच्या विद्यापीठाचा कोकण हरिता वाण आहे, मिळाला तर लावा. पण वेलभाज्या आता नाही, मेअखेर-जूनला लावा, पावसाचं त्यांना मानवतं.

रोज_डबा:
मला एक विचारायचंय. सगळे म्हणतात स्वतः लावलेली भाजी मुलं खातात. आमच्याकडे नाही हो खात. पालक लावला, पाणी घातलं, कापला, आणि ताटात आल्यावर नको.

बालवाडीताई (नेरूळ):
नाही खाल्ली तर नाही खाल्ली. खाण्यासाठी लावतोय असं मुलाला कळलं की ते सापळाच वाटतं त्याला. ताटाचा आग्रह बागेत आणू नका. त्याला ती भाजी कोणाला तरी द्यायला सांगा, आजीला, शेजारच्या काकूंना, वॉचमनदादांना. द्यायला मुलांना फार आवडतं आणि समोरचा खाऊन छान झाली म्हणाला की बऱ्याच वेळा स्वतःच चव घेतात. कच्चं खाता येईल असं लावा, चेरी टोमॅटो, वाटाण्याच्या शेंगा, झाडावरून तोडून धुऊन लगेच तोंडात, मध्ये कढई नाही. अळूपासून मात्र लांब, कच्च्या पानाचा रस लागला तरी खाज सुटते.

कोथिंबीरवडी:
आणि नवरात्र आलंच आहे की! घट बसवता ना घरी? परडीत माती घालून धान्य पेरतो ते मुलांकडूनच पेरून घ्या. त्याच दिवशी तेच धान्य एका वाटीत पेरून बाल्कनीत उजेडात ठेवायचं. देवघरातलं कोपऱ्यातल्या अंधारामुळे उंच, पिवळसर, मऊ वाढतं आणि बाल्कनीतलं ठेंगणं, हिरवंगार. दसऱ्याला दोन्ही शेजारी ठेवा. झाडाला ऊन का लागतं ते नऊ दिवसांत डोळ्यांनी दिसतं. आमच्या आजी घटातले कोंब दसऱ्याला टोपीत खोवायला द्यायच्या, मुलं त्या दिवशी भलती खूश.

टॉवर_चौदा (खारघर):
ही घटाची कल्पना यंदा नक्की. किडीबद्दल कोणीच बोललं नाही. मावा येतोच, चवळीवर आणि वालावर तर हमखास, कोवळ्या शेंड्यावर काळे बारीक ठिपके आणि सोबत मुंग्या. आम्ही लगेच फवारत नाही, आधी भिंगातून बघतो. कधीकधी त्यात करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची काटेरी दिसणारी अळी असते, ती चित्रांग भुंग्याची म्हणजे लेडीबर्डची पिल्लं, ती मावा खातात. ती असेल तर हात लावत नाही. नसेल तर पाण्याच्या जोरदार स्प्रेने धुऊन काढतो, आणि फारच झालं तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब, संध्याकाळी, मुलं आत असताना.

कढीपत्ता असेल तर त्यावर फुलपाखराची अळी येईल, आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, नंतर हिरवी होते. ती मारू नका. चार पानं गेली तर गेली. तुम्ही घोडबंदरला आहात तर ओवळ्याचं फुलपाखरू उद्यान जवळच आहे, मुलांना आधी तिथे नेऊन आणा मग घरची अळी बघताना डोळे वेगळे असतात.

करावेकर_काका:
आणि पावसाळ्यात बाजारात पण न्या मुलांना. येऊरच्या, खारघरच्या डोंगरावरच्या आदिवासी बाया टाकळा, कुरडू, शेवळं, कंटोली घेऊन बसतात. न लावता उगवणाऱ्या भाज्या पण असतात हे शहरातल्या पोरांना माहीत नसतं. त्यांच्याशी बोलू द्या पोरांना, कुठून आणली, कशी ओळखली, सगळं सांगतात बिचाऱ्या. भाव मात्र करू नका.

घोडबंदरची_आई:
सगळ्यांचे किती आभार मानू. ठरलं असं: मुलाची कुंडी लाल मुळ्याची, धाकटीची भेंडी, मधे मेथीचा डबा दोघांचा, काकांचा वाल माझ्या कुंडीत, आणि घटाबरोबर वाटी. कोकोपीट आज आणलं, दोघं उद्याची वाट बघतायत. एकच राहिलं, दिवाळीत आठवडाभर कोल्हापूरला सासरी जाणार आहोत. तेव्हा रोपं ऐन वाढीत असतील. पाण्याचं काय करू? शेजारी किल्ली देण्यासारखं कोणी नाही.

हिरवी_बाल्कनी (वाशी):
सुती दोरी. एक टोक कुंडीच्या मातीत तीन-चार बोटं खोल पुरायचं आणि दुसरं टोक पाण्याने भरलेल्या बादलीत पार तळाशी. बादली स्टुलावर, कुंडीपेक्षा जरा उंच ठेवायची आणि वरून झाकायची, डासांसाठी. एका बादलीतून चार-पाच कुंड्यांना दोऱ्या जातात. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्या, नायलॉनची नको, ती पाणी ओढत नाही. मातीवर सुकी पानं नाहीतर नारळाच्या शेंड्या पसरा आणि कुंड्या भिंतीला लागून सावलीत एकत्र ठेवा. निघायच्या चार दिवस आधीच मुलांकडून लावून घ्या म्हणजे बादलीतलं पाणी रोज किती उतरतं त्याची खूण त्यांना खडूने करता येईल आणि आठवडा पुरेल का ते घरात असतानाच कळेल. मेथी मात्र कापून भाजी करूनच निघा, ती तेवढी थांबणार नाही.